न बघता चिरलेले आंबे

मी एक सुरी आहे. सुमतीबाईंच्या घरात काय होऊ घातलंय ते मला सगळ्यांच्या आधी कळलं होतं, पण सांगायला मला तोंड नाही.

माझा जन्म अठ्ठेचाळीस सालचा. सुमतीबाईंचे यजमान प्रभाकर कल्याणच्या एका कारखान्यात फिटर होते. लोखंड कापायच्या करवतीचं पातं मोडलं, त्याचा तुकडा घासून त्यांनी मला घडवलं, शिसवी मूठ बसवली आणि ठाकुर्लीच्या चाळीत घरी आणलं. भाजी विळीवरच व्हायची. मी फक्त फळांसाठी.

सुमतीबाईंची आंबा चिरायची रीत चाळभर गाजली. देठ वर करून आंबा ताटात उभा धरायचा. बाठा कुठल्या बाजूला चपटा आहे ते अंगठ्यानं चाचपायचं आणि त्याला लगटून मला सरळ खाली आणायचं. एकदा इकडून, एकदा तिकडून. दोन फाका सुटल्या की आतल्या गरावर उभ्याआडव्या रेघा मारायच्या, साल मात्र कापायची नाही. मागून बोटांनी ढकललं की चौकोनी फोडी आपोआप वर येतात. शेजारणी शिकायला यायच्या आणि म्हणायच्या, ही तर बघतसुद्धा नाही.

सुमतीबाई बघत नव्हत्या, कारण त्यांना दिसत नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात त्या नीट बघून चिरायच्या. पुढच्या वर्षी आंबा खिडकीशी नेऊ लागल्या. मग ताटाच्या कडेच्या फोडी त्यांच्या हाताला सापडेनाशा झाल्या. एकावन्न साली मी दोनदा त्यांच्या नखाला घासले. त्यांनी बोट तोंडात धरलं आणि पुढची फाक उचलली.

मुलीनं, हेमानं, ते पाहिलं. तेव्हा सुमतीबाईंनी तिला शपथ घातली. "तुझं लग्न जमेपर्यंत बोलू नकोस. डोळ्यांचं दुखणं घराण्यात आहे म्हणतील." हेमा गप्प राहिली. माझी धार मात्र त्या बोटांच्या रोज जवळ सरकत होती.

बावन्नच्या मे महिन्यात ठाण्याहून, खोपटच्या कलावतीबाई मुलाला घेऊन हेमाला बघायला आल्या. आंब्यांची कीर्ती त्यांच्याही कानावर होती. त्या म्हणाल्या, आमच्यासमोरच चिरा. हेमा मला घ्यायला पुढे झाली, पण सुमतीबाईंनी तिला बसायला सांगितलं.

पहिला आंबा छान निघाला. दुसऱ्याचा बाठा वाकडा होता. मी त्याच्यावरून घसरले आणि त्यांच्या तर्जनीत खोल रुतले. त्यांनी फक्त श्वास आत घेतला, फोडी काढल्या आणि बशी हसत पुढे केली. पिवळ्या फोडींवर लाल ओघळ होता. त्यांना वाटलं, कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

कुणी हात पुढे केला नाही. मग कलावतीबाईंनी बशी काढून घेतली, स्वतःच्या रुमालानं त्यांचं बोट बांधलं आणि हळूच विचारलं, "हे तुम्हाला दिसलं नाही?"

"आईला तीन वर्षं नीट दिसत नाही," हेमा म्हणाली. "मला माहीत होतं."

प्रभाकर मुलीकडे बघतच राहिले.

कल्याणच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती. आधी आला असतात तर उरलेली बरीच टिकली असती, असं ते म्हणाले. आठ दिवसांनी खोपटहून पत्र आलं, पत्रिका जुळत नाही. हेमानं ते आईला वाचून दाखवलं, पण वेगळंच वाचलं. मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी जातोय, पुढच्या आंब्यांच्या दिवसांत बोलू, असं.

त्याच दिवशी तिनं मला फडक्यात गुंडाळून कपाटाच्या माथ्यावर टाकलं. वर्षभर मी इथेच आहे. मुठीची एक खीळ सैल झाली आहे, पण धार गेलेली नाही. फडकं उंदरांनी कुरतडलं आणि माझं टोक बाहेर आलं आहे.

आज प्रभाकर आंब्यांची करंडी ठेवून कामावर गेले. हेमा शाळेत शिकवायला गेली आहे. सुमतीबाईंनी वासावरून करंडी ओळखली. ठाण्याची माणसं आता येतील, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग मांडणीवरचं एकेक भांडं चाचपलं, आणि आत्ताच त्यांनी स्टूल ओढून घेतलंय.

स्टुलाचा एक पाय फरशीच्या फटीत अडकला आहे. त्या वर चढल्या आहेत. त्यांचा हात माथ्यावरून सरकत माझ्याकडे येतोय.

सुमतीबाई, खाली उतरा हो. कुणी येणार नाहीये.