एक जूनचे जुळे

आमच्या कासू गावात माझ्या वयाच्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनला येतो. शाळेत नाव घालायला आलेल्या आईबापाला पोराची जन्मतारीख सांगता आली नाही, की गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. त्यामुळे आमच्याकडे एकतीस मे आला की माणसं घाऊक भावात निवृत्त होतात. हारवाल्यांची चंगळ असते.

आमच्या आईने, काशीबाईने, आम्हा दोघा भावांना एकाच दिवशी शाळेत नेलं. मिठागरावरून पुन्हा सुट्टी मिळायची नाही म्हणून, असं घरात सांगत आले. रघूदादा शाळेच्या वयाचा होता. मी, कान्हू, त्याच्याहून अडीच वर्षांनी लहान. चड्डीची नाडीसुद्धा मला बांधता येत नव्हती. गुरुजींनी दोघांना एकच तारीख आणि एकच साल लावलं आणि आम्ही कागदोपत्री जुळे झालो. पुढे एकत्रच रोह्याच्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर लागलो. तिथे नवीन साहेब आला की आम्हाला शेजारी उभं करून बघायचा आणि म्हणायचा, "अजिबात सारखे दिसत नाही हो!" मी म्हणायचो, "साहेब, दादा आधी आला, माझ्यापर्यंत माल संपला." साहेब हसायचा. कंपनीत माझं नाव होतं ते असं. वाफेचा दाब माझ्याइतका कोणी सांभाळला नाही, पण लोक ओळखायचे ते कान्हू हसवतो म्हणून.

यंदा दोघांना एकदमच अठ्ठावन्न पूर्ण झाली. म्हणजे दादाला झाली. मला पंचावन्न होऊन काही महिने झाले होते. पेन्शन दोघांना सुरू होणार होती. ती किती, हे मी सांगत नाही. ऐकणाऱ्याला हसू येतं, आणि हसवायचं काम माझं आहे.

मला घरी बसायचं नव्हतं. हे मी कोणाला बोललो नाही, पण खरं तेच होतं. दादाचे गुडघे गेले होते, डाव्या कानाने त्याला कमी ऐकू यायचं. माझं शरीर अजून धड होतं. सकाळी बॉयलर हाऊसमध्ये पाऊल टाकलं, की आवाजावरून मला कळायचं आज याचा मूड कसा आहे. त्या आवाजाशिवाय दिवस कसा काढायचा हे मला ठाऊक नव्हतं. गावातले निवृत्त लोक मी बघत होतो. पेणच्या बाजारात जाऊन कोथिंबिरीची एक जुडी आणायची आणि संध्याकाळपर्यंत पारावर बसून त्या जुडीबद्दल बोलायचं. मला त्या पारावर बसायची भीती वाटत होती.

एक आशा होती. निवृत्त होणाऱ्यांपैकी एकाला कंपनी काँट्रॅक्टवर परत घ्यायची, नव्या पोरांना शिकवायला. बॉयलरवरून यंदा आम्ही दोघेच जाणार होतो. तेव्हा तो एक म्हणजे मीच, यात मला तरी शंका नव्हती.

माझ्या बायकोला होती. वैशाली म्हणाली, "त्या ऑफिसातल्या नव्या मॅडमला सरळ सांगा ना, मला काम हवाय म्हणून."

"सांगायचं काय त्याच्यात? त्यांना दिसत नाय?"

"नाय दिसत. तुम्ही सारखे दात काढता. तुमच्या मनात काय हाय ते मलासुद्धा दिसत नाय, तिला काय दिसणार?"

मी म्हटलं, "तुला बाकी सगळं दिसतं गो," आणि विषय उडवून लावला. हात पसरायचा माझा स्वभाव नाही. त्या वेळी मला त्याचा अभिमानही होता.

निरोप समारंभ कॅन्टीनमध्ये झाला. वडे, पेढे, मागे फळ्यावर रंगीत खडूने आमची नावं. मनस्वी मॅडम आल्या होत्या. ऑफिसात माणसं घ्यायचं-सोडायचं काम त्याच बघतात. वयाने माझ्या मुलीएवढ्या, दोन महिन्यांपूर्वी आलेल्या. त्यांनी आम्हाला शाल दिली आणि भेट म्हणून गणपतीची मूर्ती. पेण तालुक्यातल्या माणसाला गणपतीची मूर्ती! आणि तीही दोघांत एक. "तुम्ही जुळे, एकाच घरात राहता ना," मॅडम म्हणाल्या.

आधी दादा बोलायला उभा राहिला. "मित्रांनो," एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. रुमाल सापडेना, तर त्या नव्या शालीलाच नाक पुसलं. दोघांनी धरून त्याला खुर्चीवर बसवलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. अशा वेळी माझ्याकडेच बघतात.

मग मी उठलो. म्हटलं, "दादाला रडू येतंय कारण उद्यापासून त्याला वहिनीजवळ दिवसभर बसायचंय." हशा पिकला. म्हटलं, "सरकारने मला अडीच वर्षं आधीच म्हातारा केला. केस काळे, दात शाबूत आणि पेन्शन चालू. असा म्हातारा रायगड जिल्ह्यात दुसरा नाय." टाळ्या पडल्या. मला चेव चढला. बॉयलरची नक्कल केली, जुन्या साहेबांची केली. म्हटलं, "इतकी वर्षं भोंग्यावर उठलो. आता कोंबडा आरवला तर त्यालाच कापीन, पण उठणार नाय."

पोरं टेबलं बडवत होती. मनस्वी मॅडमच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं. ते पुसत त्यांनी विचारलं, "पण काका, आम्ही परत बोलावलं तर याल ना?"

हाच तो क्षण. "येईन" एवढा एक शब्द बोलायचा होता. तो माझ्या ओठांपर्यंत आलाही होता. पण सगळं कॅन्टीन तोंड उघडून पुढच्या विनोदाची वाट बघत होतं, आणि मी त्यांना उपाशी ठेवू शकलो नाही.

"मॅडम," मी म्हटलं, "गाडी पाठवलीत तर टायरची हवा काढीन!"

एवढा हशा त्या कॅन्टीनने कधी ऐकला नसेल.

पुढचे दिवस मी फोन खिशात नाही, हातात घेऊन फिरलो. शनिवारी दुपारी दादा आमच्या पडवीत आला. चेहरा उजळलेला.

"कान्हू, मॅडमचा फोन आलेला. सोमवारपासून मला बोलावलंय. काँट्रॅक्टवर."

मी विचारलं, "तुला?"

"मीच घाबरलो रे. मी म्हटलं, मॅडम, कान्हू माझ्यापेक्षा हुशार हाय, त्याला घ्या. तर त्या म्हणाल्या, कान्हूकाका किती खुश आहेत घरी, त्यांना कशाला त्रास द्यायचा? तुमच्या मनाला फार लागलेलं दिसतंय, तुम्ही या." त्याचा आवाज भरून आला. "बाई देवमाणूस हाय."

मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, "जा, जा. वहिनी सुटली." तो हसत गेला. आत वैशालीने एक पातेलं आपटलं.

मला राग आला. मॅडमचा नाही, दादाचाही नाही. राग कोणावर काढावा हे कळेना म्हणून मी आईकडे गेलो. ती मागच्या दारी सुकट निवडत बसली होती. नव्वदीला आली आहे, पण सगळं शाबूत.

"आये, तुला दोनदा शाळेत जायला काय झालं होतं? एक दिवस मिठागर बुडालं असतं? तुझ्या त्या एका सुट्टीपायी माझी अडीच वर्षं गेली."

तिने हातातली सुकट सुपात टाकली. "सुट्टीचं काय नव्हतं रे. रघू लय रडत व्हता. एकटा बसनाच शाळेत. गुरुजी म्हणाले, याच्यासंगती कोणी बसवा. तू कडेवर व्हतास माझ्या."

"मग मला बसवलंस?"

"तू हसत व्हतास," आई म्हणाली. "गुरुजींकडे बघून हसत व्हतास. मला वाटला, याला चालंल."

तिने सूप पुन्हा मांडीवर ओढलं. मी तिथेच उभा राहिलो.

सोमवारी सकाळी मी भोंग्याशिवाय, कोंबड्याशिवाय उठलो. अंगणात दादा उभा होता, खांद्याला डब्याची पिशवी, पायात कंपनीचे बूट.

"स्टेशनपर्यंत येतोस का रे?" तो म्हणाला. "एकट्याने कधी गेलो नाय."

मी चप्पल घातली. रस्त्याने तो बोलत राहिला, नव्या पोरांना काय काय शिकवायचं. त्यातलं निम्मं मीच त्याला कधीतरी शिकवलेलं होतं. रोह्याकडची गाडी यायला थोडा वेळ होता. फलाटावर रोजची माणसं उभी होती, नेहमीच्या शिफ्टची. आम्हाला बघून त्यांनी हात केले.

दादाने उजवा कान माझ्याकडे केला आणि हळूच विचारलं, "कान्हू, खरं सांग. तुला यायचं नव्हतं ना?"

त्याच्या डोळ्यांत मला सगळं दिसत होतं. "होतं" म्हटलं असतं तर तो तिथूनच परत फिरला असता, मॅडमना फोन करून रडला असता आणि मला जागा मिळाली असती. मग तो पारावर बसला असता, तो न ऐकू येणारा कान घेऊन, एकटा.

"मला? झोप मोडली माझी तुझ्यामुळं," मी म्हटलं. "उद्यापासून एकटा ये."

त्याने सुटकेचा श्वास टाकला. गाडी आली. खिडकीजवळची जागा मिळाल्यावर त्याने हात हलवला. तो हसत होता. माझे डोळे भरून आले. या खेपेला रडायची पाळी माझी होती, आणि मी रडलोही असतो.

पण गाडीच्या दारात कंपनीची चार पोरं लटकली होती. "काय कान्हूकाका, घरी करमतं का?" त्यातला एक ओरडला, आणि बाकीचे माझ्या तोंडाकडे बघत थांबले.

मी काहीतरी बोललो. गाडी सुटली तरी त्यांचं हसू ऐकू येत होतं.