पल्याडच्या काठाची नोंद

जालन्याच्या कडेचा तो तलाव तीन वर्षांत पार बदलला होता. गाळ निघाला, बेशरमीच्या झुडपांचं रान उपटलं गेलं, काठाला करंज-जांभळं लागली. पाखरं किती परतली याची वही भुजंगरावांकडे होती. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. त्यांच्या लिहिण्यावर कुणी शंका घेत नसे.

दर रविवारी सकाळी ते तलावाला पूर्ण फेरी मारीत. पण उन्हाळ्यापासून गुडघे बोलू लागले आणि पल्याडचा काठ सगळा चिखलाचा. मग ते अल्याडच्या बांधावर बसूनच दुर्बिणीतून पाहत आणि पलीकडचं अंदाजाने लिहीत. एकदा लिहिलं, कुणी विचारलं नाही. मग तीच सवय झाली. ऑगस्टात त्यांनी लिहिलं, 'पल्याड काठालगतच्या पाणकणसात घरटी नाहीत.'

तलावाचं काम अंगावर घेतलेला श्रेणिक कापडाचा व्यापारी होता. वही वाचून त्याने पायवाटेसाठी तिथलं पाणकणीस, म्हणजे ते उंच पाणगवत, काढायला सांगितलं. चुन्याने खूण केली आणि सोमवारी कडूबाचा जेसीबी लागला.

भुजंगराव आणि श्रेणिक बांधावरून काम पाहत होते. दहाच्या सुमारास गोजरबाई तिथं आली. ती पल्याड शेळ्या चारायची. तिने पदर उघडला. आत बदामी रंगाची, ठिपक्यांची तीन अंडी होती, एक फुटलेलं.

"सर, तुमच्या वहीत तिथं काहीच न्हाई म्हणे. मंग हे काय हाय? त्या जांभळ्या पाणकोंबड्या महिना झाला बसून राह्यल्या व्हत्या. आता नुसत्या वरडत फिरून राह्यल्यात."

मशीन थांबलं तोवर निम्मं पाणकणीस आडवं झालं होतं. सगळे गोळा झाले. श्रेणिकने कडूबाला विचारलं, "खुणेच्या पुढं गेलास का?"

"न्हाई शेठ. बराबर चुन्याच्या आत व्हतो."

चुना मशीनच्या चाकांखाली चिखलात मिसळून गेला होता; खूण कुठं होती ते आता दिसत नव्हतं. गर्दीतला एकजण म्हणाला, "सरांच्या नोंदीत काठालगत घरटी न्हाईत. म्हंजे हाच पुढं गेला."

कडूबाने भुजंगरावांकडे पाहिलं. भुजंगरावांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. काचा स्वच्छच होत्या.

"उद्यापासून येऊ नकोस," श्रेणिक कडूबाला म्हणाला.

गोजरबाईने अंडी पुन्हा पदरात घेतली आणि चालू लागली.

पुढचे सहा दिवस भुजंगरावांना घास गोड लागला नाही. रस्त्यात कुणी 'नमस्कार सर' म्हटलं की त्यांची मान खाली जाई. रविवारी ते वही घेऊन श्रेणिकच्या दुकानात गेले. दोन गिऱ्हाइकं बसली होती. ती जाईपर्यंत थांबावं असं मनात आलं. पण थांबलो तर तोंडून शब्द निघणार नाही, हेही त्यांना माहीत होतं.

"श्रेणिक, मी चार महिने पल्याड गेलोच नाही. घरात बसून लिहिल्यासारखं लिहिलं. कडूबा खोटं बोलला नव्हता."

श्रेणिकच्या हातातलं कापड तसंच राहिलं. तो आवाज न चढवता म्हणाला, "सर, पाय दुखतात असं तुम्ही म्हणाला असतात तर मी दुसरं कुणी पाहिलं असतं." गिऱ्हाइकं जमिनीकडे बघत होती.

तिथून ते कडूबाच्या घरी गेले. दारात उभं राहूनच त्यांनी सगळं सांगितलं, माफी मागितली. कडूबाने त्यांना बसा म्हटलं नाही.

"शेठचा फोन आल्ता आत्ता. उद्यापासून ये म्हणाले." तो थांबला. "माझी पोरगी तुमच्या हाताखाली शिकली सर. त्या दिवशी मी तुमच्याकडं बघितलं ते तुम्ही बोलताल म्हणून. लोकांचं मला काही वाटलं न्हाई."

भुजंगराव वही छातीशी धरून परत फिरले.

पुढच्या रविवारपासून पल्याडची मोजणी गोजरबाई करू लागली. लिहायला भुजंगरावच, श्रेणिकनेच तसं ठरवलं. काठीच्या आधाराने, गुडघाभर चिखलात ते तिच्या मागे गेले. तुटलेल्या पाणकणसात पाणी साचलं होतं.

"हिथं?" त्यांनी विचारलं.

"हिथं काहीच न्हाई. तुमीच बघा की."

त्यांनी वाकून बराच वेळ पाहिलं आणि मग तसंच लिहिलं. गोजरबाई पुढे निघाली होती. ते पाय उपसत तिच्या मागे चालू लागले.