बाबाची मांडणी

"आरसा जरा डावीकडे. हं, बस्स!" आई म्हणाली. बाबाने आरसा डावीकडे सरकवला आणि बाहीने पुसलासुद्धा.

आमच्या पुढच्या खोलीत आई मानसोपचार करते. एकाला लावलेली रीत ती दुसऱ्याला लावत नाही. सलूनवाले काका आयुष्यभर लोकांच्या पाठीमागे उभं राहून आरशातून बोलले. समोरासमोर बसवलं की त्यांची दातखीळच बसते. म्हणून आई खुर्चीत बसते आणि ते मागे उभे राहून आरशातल्या आईशी बोलतात. कॉलेजच्या एका मुलीला खुर्ची नकोच असते, तिच्यासाठी खाली सतरंजी आणि आई शेजारी. ड्रायव्हर आजोबांनी जन्मभर बस चालवली. त्यांच्यासाठी दोन खुर्च्या एकामागे एक, तोंडं खिडकीकडे. पुढे ते, मागे आई. "पाठीमागून आवाज आला की कसं बरं वाटतं बघ पोरी," असं ते जाताना मलाच सांगतात. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं.

ही सगळी उचलठेव बाबा करतो. दादाला मोटारसायकलच्या किल्ल्या बाबानेच काढून दिल्या होत्या. दादा परत आला नाही. मग बाबाचं बोलणं आटत आटत थांबलं, ऑफिस सुटलं, आता जेवणही सुटत चाललंय. खुर्च्या तेवढ्या हलवतो.

दुपारी आईची डॉक्टर मैत्रीण त्याला तपासून गेली. दारात चपला घालताना म्हणाली, "उद्या सकाळी ॲडमिट करू या. आणि घरच्या माणसावर आपण उपचार करायचे नसतात. तूच शिकवतेस ना सगळ्यांना?"

"मला आजची संध्याकाळ दे," आई म्हणाली.

मी तर कधीपासून माझे प्रयत्न करतेच आहे. वक्तृत्वात पहिली आल्यापासून मला वाटायला लागलंय, मी दगडालाही बोलतं करीन! "बाबा, ऐक ना, आज गणिताचे सर स्वतःच्याच खडूवरून घसरले!" बाबाने मान हलवली. ती 'हो' होती की 'पुरे', कळलं नाही.

सलूनवाले काका गेले. बाबा आरसा उचलायला वाकला, तसं आईने त्याला थांबवलं. "राहू दे. आज मी लावते."

तिने खुर्च्या एकामागे एक ठेवल्या. बाबाला पुढे बसवलं, स्वतः मागे बसली. "मी बघत नाहीये तुझ्याकडे. समोर बघ आणि बोल. किल्ल्यांचं बोल."

बाबाने खिडकीकडे पाहिलं, मग खाली खुर्चीच्या पायांकडे.

"ही मांडणी ड्रायव्हर आजोबांची," बाबा म्हणाला.

बोलला! पडद्यामागे मी चक्क उडी मारली. आई मात्र गडबडली. पटकन उठून आरशासमोर बसली, बाबाला आपल्या मागे उभं केलं.

"ही सलूनवाल्यांची."

मग तिने खुर्च्या भिंतीला लावल्या, सतरंजी अंथरली, त्याला शेजारी बसवलं.

"ही त्या कॉलेजच्या मुलीची." बाबा थोडा थांबला. आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती, पत्ता विचारावा तसं त्याने विचारलं, "माझी कुठली गं?"

आईने भिंतीजवळच्या खुर्चीकडे हात नेला. "शोधतेय रे मी. थांब ना जरा."

"असू दे." बाबा उठला आणि सतरंजीची घडी घालायला लागला. कडेला कड जुळवून, नेहमीसारखी.

सकाळी आई त्याला हॉस्पिटलात पोचवून एकटीच परत आली. ड्रायव्हर आजोबांची वेळ होत आली होती. फरशीवर खुर्च्यांच्या पायांच्या खुणा पडल्यात, त्यांवरून मी दोन्ही खुर्च्या बरोब्बर लावल्या. आई आली आणि पुढच्या खुर्चीत बसली. आजोबांच्या.

मी मागच्या खुर्चीत बसले. पाठीमागून आवाज आला की बरं वाटतं, म्हणतात. माझ्याकडे काय कमी होतं? सरांचा खडू होता, वक्तृत्वाचं अख्खं भाषण पाठ होतं. मी श्वास घेतला. समोर आईची पाठ होती, तिच्या पलीकडे खिडकी.

दाराची बेल वाजली. आम्ही दोघीही उठलो नाही.