भोंग्याची भाऊबीज

जात्यावर बसलं की बाया आपापल्या भावाच्या ओव्या गातात. तानाबाईला भाऊच नव्हता. पिंपरीत कारखाना उभा राहिला, पहाटे त्याचा भोंगा वाजायला लागला, तसा तिनं भोंग्यालाच भाऊ करून टाकला.

“भोंगा गं भाऊराया, हाक देतो पहाटेला,
येईल भाऊबीजेला, मला माहेरी न्यायला.”

शेजारणी हसल्या. हसायला त्यांचं काय जात होतं, भाऊ असलेल्या बाया त्या.

भाऊ नसलेली बाई भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. यंदा दिवेलागणीला तानाबाईनं चंद्राकडे पाठ केली, अंगणात पाट मांडला आणि कारखान्याच्या धुराड्याकडे तोंड करून ताट ओवाळलं. दिवाळीच्या सुट्टीमुळं धुराडं दोन दिवस गार होतं.

तोच भोंगा वाजला. आवाज पार अंगणाच्या कुंपणापाशी होता आणि हलका होता, पाहुण्यानं दारात येऊन हाक मारावी तसा.

तिचा नवरा कोंडीराम कारखान्यात बॉयलरवर कामाला होता. तो घरातून घाईनं बाहेर आला.

“आग मी सोता विझवलीय,” तो म्हणाला. “वाफ न्हाई, तर ह्यो वाजला कसा?”

तानाबाईनं वाकून पाटाला हात लावला. रिकामा पाट तव्यासारखा तापला होता. मग तिला आपल्याच ओवीची दुसरी ओळ आठवली.

तिच्या माहेरची सगळी माणसं पटकीच्या साथीत केव्हाच गेली होती.