परत फेकलेला टॉवेल

मित्रांनो, नाक मुरडू नका. माझ्या अंगाला वास येतो तो घामाचा, मलमाचा आणि थोडा रक्ताचाही आहे, आणि तो मी कष्टाने कमावलेला आहे. मी टॉवेल आहे. एके काळी पांढराशुभ्र होतो, कडेला लाल पट्टा होता. आता माझा रंग कोणता, हे मलाही सांगता यायचं नाही. पण मी रंगाचं रडगाणं गायला बसलेलो नाही. मला एका माणसाबद्दल सांगायचं आहे. ते सांगितल्याशिवाय माझा जीव थाऱ्यावर येणार नाही, तेव्हा जरा थांबा आणि ऐका.

गिरणीतल्या मागावरून उतरलो, घडी झाली, दुकानाच्या फळीवर पडलो आणि तिथून एका नव्या नवरीच्या ट्रंकेत गेलो. तिचे ओले केस टिपायचे आणि उन्हात वाळायचं, एवढंच माझं आयुष्य असायचं होतं. पण त्या घरात दोन भाऊ होते. धाकटा, म्हणजे तिचा नवरा, मालधक्क्यावर पोती वाहायचा आणि शनिवारी कापसाच्या गोदामात बॉक्सिंग खेळायचा. थोरला त्याच्या कोपऱ्यात उभा राहून त्याला पाणी पाजायचा, वारा घालायचा. एका शनिवारी थोरल्याला त्याचा टॉवेल सापडेना. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि वाळत घातलेल्या मला खसकन ओढलं.

"अहो दादा, तो माझा आहे!" नवरी आतून ओरडली.

"आणून देतो गं संध्याकाळी!"

कसलं काय! ती संध्याकाळ कधी उगवलीच नाही. मी रिंगचा झालो तो झालोच.

काय ते दिवस होते, मित्रांनो! कापसाच्या गासड्या भिंतीला सरकवायच्या, लोखंडी पिंपांवर फळ्या टाकायच्या, वर ताडपत्री ताणायची आणि चारी बाजूंनी दोर आवळायचा. झाली रिंग! हमाल, ड्रायव्हर, वेल्डर, भट्टीवरचे कामगार, सगळे दाटीवाटीने बसायचे. खऱ्या नावाने तिथे कोणी कोणाला ओळखत नसे. एका वेल्डरला 'सुट्टी' म्हणायचे, कारण त्याचा ठोसा बसला की समोरच्याला दुसऱ्या दिवशी कामावर रजा टाकावी लागे. 'डावखुरा' म्हणून एक ट्रक ड्रायव्हर होता. त्याचा डावा हात कुठून यायचा ते ठोसा बसल्यावरच कळायचं. आणि आमचा हमाल, त्या नवरीचा नवरा, म्हणजे 'भिंत'. तो मारायचा बेताचाच, पण मार खाऊन हलायचा नाही. लोक त्याच्यावर जीव टाकायचे. मीही टाकायचो, कारण त्याचा घाम मी पुसलेला होता.

आता आमच्या गोदामाची एक रीत सांगतो, ती नीट ध्यानात घ्या. खेळाडूला मार झेपेनासा झाला की कोपऱ्यातल्या माणसाने टॉवेल रिंगमध्ये फेकायचा. मग पंच लढत थांबवतो. जगभर असंच असतं म्हणे. पण आमच्याकडे पहिला टॉवेल मोजायचे नाहीत. पुढच्या रांगेतलं कोणीतरी तो उचलायचं आणि "घे रे, तोंड पूस!" म्हणून हसत परत भिरकवायचं. दुसऱ्यांदा फेकला तरच लढत थांबायची. लोकांना ती मोठी गंमत वाटे. पण मित्रांनो, त्या दोन फेकींच्या मध्ये काय काय होऊन जातं, ते मी पाहिलेलं आहे.

भिंतची आणि डावखुऱ्याची मोठी लढत झाली तेव्हा गोदामात मुंगीला शिरायला जागा नव्हती. अर्ध्या लढतीनंतर भिंतची नजर फिरली. दादाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने मला फेकलं. पुढच्या रांगेने मला परत फेकलं. मधली घंटा झाली, भिंत येऊन स्टुलावर बसला आणि सुजलेल्या ओठांनी म्हणाला, "दादा, पुन्हा फेकलास तर जन्मभर तुझं तोंड बघणार नाही." दादाने मला मुठीत असं काही पिळलं की माझे धागे कुरकुरले. पण फेकलं नाही. भिंत शेवटपर्यंत उभा राहिला, गुणांवर हरला, आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेऊन नाचवलं.

पुढे गोदाम बंद पडलं. दादाही गेला. त्याच्या सामानातून मी पुन्हा वहिनींकडे आलो. हो, ती नवरी आता सगळ्यांची वहिनी झाली होती. आणि भिंतचे हात थरथरायला लागले होते. आधी शर्टाची बटणं लागेनात. मग जेवलो की नाही ते आठवेना. मग घराचा रस्ता सापडेना. डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "ह्यांच्या डोक्याला आता साधी टपलीसुद्धा लागता कामा नये." वहिनी त्याला डोळ्यांत तेल घालून जपायला लागल्या. मी त्याच्या गळ्याशी बांधलेला असायचो, तोंडातून लाळ गळायची ती टिपायला. त्याची मला लाज नाही वाटली. वाईट वाटायचं, फार वाईट वाटायचं.

जुनी मंडळी न्हाव्याच्या दुकानात जमायची. हा न्हावी गोदामातला. खेळाडूच्या भुवईला चीर पडली की दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात रक्त थांबवायचं काम त्याचं. आता त्याच्या आरशाभोवती सगळ्यांचे फोटो होते आणि एकेका दाढीला लढतीची एकेक गोष्ट चालायची. वहिनी भिंतला तिथे नेऊन बसवायच्या. आणि काय सांगू, तिथे त्याचे डोळे जागे व्हायचे! सकाळचं न आठवणारा माणूस डावखुऱ्याचा तिसऱ्या फेरीतला ठोसा हवेत काढून दाखवायचा. मंडळी टाळ्या पिटायची.

तिथेच न्हाव्याच्या डोक्यात किडा वळवळला.

"वहिनी, एक दिवस पुन्हा रिंग बांधू या. जुने सगळे येतील. भिंत आणि डावखुरा, नुसते दाखवायला. हवेत हात फिरवायचे, फोटो काढायचे, चहा प्यायचा."

"वेड लागलंय का तुम्हाला? डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलंय ना मी?"

डावखुरा उठून उभा राहिला. त्याचेही केस पिकले होते, गुडघे गेले होते. "वहिनी, माझा हात त्याच्या अंगाला लागला तर हा हात तोडून टाका."

वहिनी नाहीच म्हणाल्या. पण भिंतने ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी तो आपला आपण उठला. बटणं लावली, वरची खाली आणि खालची वर, पण लावली. "आज फाइट आहे का?" त्याने विचारलं. आणि कित्येक महिन्यांनी त्याने तिला तिच्या नावाने हाक मारली. वहिनी मोरीत जाऊन मला तोंडावर दाबून रडल्या. मित्रांनो, मी पार चिंब झालो. त्या हाकेपायी त्या हो म्हणाल्या. तुम्ही काय केलं असतं? मला तर त्यांना दोष देववत नाही.

रविवारी दुपारी शाळेच्या रिकाम्या हॉलमध्ये रिंग बांधली. न्हावी पंच झाला. दादाच्या जागी वहिनी उभ्या राहिल्या, मला खांद्यावर टाकून. पहिली फेरी मजेत गेली. दोघे म्हातारे हवेत हात मारत होते, लोक हसत होते. 'सुट्टी' ओरडला, "अरे, पंख्याचं बटण दाबा, ह्यांच्याने वारासुद्धा येत नाही!" वहिनीसुद्धा हसल्या.

दुसऱ्या फेरीची घंटा झाली आणि मी भिंतची नजर पाहिली. ती मी पूर्वी पाहिलेली होती. त्याच्या लेखी हा हॉल नव्हता, ते गोदाम होतं. समोर म्हातारा मित्र नव्हता. त्याने खराखुरा ठोसा हाणला. डावखुरा कळवळला. "अरे, मी आहे!" म्हणाला. भिंतने दुसरा हाणला. आणि मग डावखुऱ्याच्या मनाने काही ठरवायच्या आत त्याचा डावा हात सुटला. शरीर विसरत नाही हो! ठोसा कानशिलावर बसला.

वहिनींनी मला फेकलं. मी ताडपत्रीवर धपकन पडलो. थांबवा, थांबवा, असं मी माझ्या प्रत्येक धाग्याने ओरडत होतो. पण टॉवेलला कुठला आवाज! पुढच्या रांगेत हशा पिकला. "पहिला टॉवेल परत! रीत आहे वहिनी!" कोणीतरी मला उचललं आणि भिरकावलं.

"अरे, थांबवा! खरं मारतायत ते!" वहिनींचा आवाज टाळ्यांत बुडाला. त्यांनी मला पुन्हा फेकलं. दुसरा टॉवेल! आता तरी थांबायलाच हवं होतं. मी न्हाव्याच्या पायाशी पडलो. त्याने मला उचललं, लोकांकडे बघत डोक्यावरून गरगर फिरवलं आणि म्हणाला, "आज जुना दिवस आहे, आज दुसराही परत!" आणि मला वहिनींच्या अंगावर टाकलं. तो दुष्ट नाही, मित्रांनो. तोच तर भिंतची दाढी रोज फुकट करायचा. त्याला वाटलं, भिंत पुन्हा तरुण झाला. सगळ्यांनाच तसं वाटलं. आणि तेवढ्यात भिंतला आणखी एक बसला.

वहिनी दोराखालून आत घुसल्या. साडीचा पदर दोरात अडकला, तो तसाच फाडून त्या दोघांच्या मध्ये जायला धावल्या. डावखुऱ्याने त्यांचा चेहरा पाहिला आणि तो त्या दुखऱ्या गुडघ्यांवर मटकन खाली बसला. "हरलो मी! हरलो! घंटा वाजवा!" तो हंबरडा फोडून ओरडला. तेव्हा कुठे घंटा वाजली.

लोकांनी भिंतचा हात वर केला. तो हसत होता. वहिनींनी मला त्याच्या मानेभोवती गुंडाळलं आणि त्याच्या गालाला हात लावला. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, अदबीने, परक्या बाईकडे पाहतात तसं.

"ताई, माझी बायको आली असेल हो. जरा बघता का बाहेर?"

त्यानंतर त्याने वहिनींचं नाव पुन्हा घेतलेलं नाही. आता तो अंथरुणावरच असतो. डावखुरा रोज येतो, उशाशी बसतो. मंडळी मात्र दुकानात सांगतात, "शेवटची फाइट जिंकला पठ्ठ्या!" त्यांनी वहिनींना त्या दिवसाचा फोटो चौकटीत घालून दिला आहे. त्यात सगळे खदखदून हसत आहेत, मधोमध मी हवेत आहे, आणि कोपऱ्यात वहिनींचे दोन्ही हात पुढे आलेले आहेत. लोकांना वाटतं, त्या मला फेकत आहेत. तसं नाही. त्या फोटोत मी त्यांच्याकडे परत येतो आहे.

मित्रांनो, मला धुवून, घडी घालून जपा असं मी म्हणणार नाही. माझ्या चिंध्या झाल्या तरी चालतील. एवढंच करा. घरात, शाळेत, खेळात कोणी "पुरे, थांबवा आता" म्हणालं, तर हसू नका. तुमची रीत काहीही असो, तुम्हाला कितीही मजा येत असो, तिथल्या तिथे थांबा. त्या माणसाला दुसऱ्यांदा ओरडायला लावू नका.