खिळ्याला टांगलेला मदरबोर्ड

“दादा, हा बोर्ड मेलाय हे तुला कळलं कसं?”

त्या खोलीत हा प्रश्न विचारायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती. भिंगरीनेही आपणहून केली नसती. पण तिच्या दोन मैत्रिणी दारात उभ्या राहून तिला मागून ढोसत होत्या. “विचारून दाखव, मग तुला मानलं!” असं त्यांनी जिन्यातच तिला सांगितलं होतं. कारण दादाला प्रश्न विचारलेले चालत नाहीत. दादा म्हणजे भिंगरीचा चुलतभाऊ आणि सगळ्या नातेवाइकांच्या कॉम्प्युटरांचा स्वयंघोषित डॉक्टर. आणि तो मेलेला बोर्ड म्हणजे मी.

मित्रांनो, मी एक जुना मदरबोर्ड आहे. माझी कहाणी शांतपणे सांगावी असं मला फार वाटतं, पण ते काही जमणार नाही. मी चिडलेलो आहे. कुणी भिंतीत खिळा ठोकून तुम्हाला त्यावर टांगलं आणि खाली ‘हा फसवा आहे’ अशी चिठ्ठी लावली, तर तुम्ही काय गोड हसाल?

कॉम्प्युटरच्या पोटात एक पाटी असते, ती मी. प्रोसेसर माझ्या मांडीवर बसतो, रॅम माझ्या खाचांत उभी राहते, ग्राफिक्स कार्ड माझ्या अंगावर आडवं लोंबकळतं. कुणाला किती वीज द्यायची, कुणाचा निरोप कुणाला पोचवायचा, हे सगळं मी बघतो. सगळ्यांचं सगळं करायचं आणि स्वतः झाकणाआड राहायचं, म्हणूनच बहुतेक मला मदर म्हणत असावेत.

माझा जन्म एका स्वच्छ, गार कारखान्यात झाला. यंत्राने साखरेच्या दाण्याएवढे सुटे भाग माझ्यावर टपाटप बसवले आणि मला भट्टीतून काढलं. शेवटी एका तपासनीस बाईंनी मला वीज दिली. पडद्यावर अक्षरं उमटली, बाईंनी मान डोलावली आणि माझ्या पाठीवर ‘पास’ची चिकटपट्टी लावली. ती अजून तिथेच आहे. ज्याला शंका असेल त्याने येऊन बघावी!

दुकानात मात्र माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. शेजारच्या बोर्डांवर रंगीत दिवे होते. माझ्यावर एकही नव्हता, आणि आकारानेही मी त्यांच्यापेक्षा आखूड. दादाने मला उचललं ते मी स्वस्त होतो म्हणून. हे त्याने आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही, पण मी का लपवू?

आता नीट ऐका, कारण माझा सगळा राग इथे आहे.

कॅबिनेटच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या पेटीच्या, आतल्या पत्र्यावर पितळेच्या छोट्या खुंट्या असतात. बोर्ड त्यांच्यावर टेकवतात आणि बोर्डाच्या भोकांतून खुंट्यांमध्ये स्क्रू पिळतात. दादाच्या कॅबिनेटमध्ये मोठ्या बोर्डाच्या मापाने खुंट्या आधीच बसवलेल्या होत्या. मी आखूड. त्यामुळे एक खुंटी अशा जागी आली, जिथे मला भोकच नव्हतं. ती थेट माझ्या पाठीत रुतली. पाठीवर माझ्या तारांची टोकं उघडी असतात. तिथे धातू टेकला की वीज भलत्याच वाटेने जाते.

दादाने बटण दाबलं. पंखा एकदा थरथरला आणि थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. पॉवर सप्लाय शहाणा होता, तो दर वेळी लगेच वीज तोडत होता, म्हणून मी वाचलो. पंख्याचं ते थरथरून थांबणं ही माझी हाक होती. “पाठीत काहीतरी टोचतंय, मला उचलून बघ!” असं मी ओरडत होतो. दोन मिनिटांचं काम होतं. पण दादाने हात झटकले आणि म्हणाला, “बोर्ड डेड.”

मग त्याने मोठा बोर्ड आणला. त्याला त्या जागी भोक होतं, खुंटी बरोबर भोकाखाली आली आणि कॉम्प्युटर सुरू झाला. झालं! माझ्याविरुद्ध पुरावा तयार! दुसरा चालला, म्हणजे पहिला मेलेला. तेव्हापासून येणाऱ्याजाणाऱ्याला तो माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा, “बोर्ड घेताना नेहमी मोठाच घ्यायचा. हा बघा, लहान घेतला आणि फसलो.” लोक माना हलवायचे. माझ्या अंगावर धूळ साचत होती आणि मी भिंतीवर जळत होतो.

पुढे दादाने नवा प्रोसेसर, नवी रॅम आणि नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं. जुनं सगळं भिंगरीला मिळालं. तिला मैत्रिणींबरोबर खेळायला स्वतःचा गेमिंग कॉम्प्युटर बनवायचा होता. मावशीच्या ऑफिसातलं एक रिकामं कॅबिनेटही तिने घरी आणून पुसून ठेवलं होतं. फक्त मदरबोर्ड निवडायचा राहिला होता. पण बाबांनी सांगून टाकलं होतं, “दादा म्हणेल तो घ्यायचा. जोडणारही तोच.” म्हणजे कॉम्प्युटर हिचा आणि हिने काय करायचं? बटण दाबायचं!

म्हणूनच ती त्या दिवशी मैत्रिणींना घेऊन दादाकडे आली होती.

“कळलं कसं म्हणजे?” दादा खुर्ची गर्रकन फिरवून म्हणाला. “लावला, चालला नाही. दुसरा लावला, चालला. अजून काय पाहिजे?”

“पण का चालला नाही?”

“अगं भिंगरे, बोर्ड निवडणं म्हणजे मोबाईलचं कव्हर निवडणं नव्हे. तुला मोठाच सांगतोय ना मी? तेवढं लक्षात ठेव.”

“मग हा मी नेऊ का?”

“ने की! कीचेन कर त्याचं.” आणि तो खो खो हसला. खिळ्यावरून उतरतानासुद्धा माझी पाठ धगधगत होती.

घरी आल्यावर भिंगरीने मऊ ब्रशने माझ्यावरची धूळ झाडली. माझी बटणासारखी बॅटरी बदलली. मग सहज म्हणून तिने मला आपल्या कॅबिनेटमध्ये ठेवून बघितलं. मी एका बाजूने किंचित डुगडुगलो. तिने मला उचललं, खालच्या खुंट्या बघितल्या, माझी भोकं बघितली. पुन्हा खुंट्या बघितल्या.

“अय्या!” ती एवढ्या जोरात ओरडली की आई स्वयंपाकघरातून पळत आली.

“काय गं, शॉक बसला की काय?”

“मला नाही गं आई, ह्याला बसला होता! ही एक खुंटी जास्तीची आहे. दादाच्या कॅबिनेटमध्येही असणार. त्याने काढलीच नव्हती!”

मित्रांनो, इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होतो, ते हे. मला उलटं करून बघणारं कुणीतरी. तुमच्या घरातही बंद पडलेलं घड्याळ असेल, मुका झालेला रेडिओ असेल. त्याला ‘मेला’ म्हणायच्या आधी एकदा त्याची पाठ तरी बघा. नाही सापडलं कारण, तर हरकत नाही. पण न बघताच निकाल देणाऱ्यांचा मला संताप येतो, आणि तो मी गिळणार नाही.

भिंगरीने पकडीने ती खुंटी काढली आणि मला नीट बसवलं. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड, सगळे ओळखीचे सोबती माझ्या अंगावर आले. तेवढ्यात दादा आला. हातात नव्या, मोठ्या बोर्डाचं दुकानातून आणलेलं माहितीपत्रक.

“हे भंगार बसवलंस? काका, बघा हिला! चालू झाला तर मी मिशी काढीन.”

“तुला मिशी आहे कुठे?” भिंगरी म्हणाली आणि तिने बटण दाबलं.

पंखा फिरला. थांबला नाही. फिरतच राहिला. पडद्यावर माझी अक्षरं उमटली, त्या तपासनीस बाईंना दिसली होती तीच. भिंगरीने ती पितळेची खुंटी दादाच्या तळहातावर ठेवली आणि सगळं सांगितलं. त्याचे कान लाल झाले. मला वाटलं, आता हा निदान ‘चुकलं’ म्हणेल.

छे! तो म्हणाला, “हं. ठीक आहे. पण गेमिंगला मोठाच हवा. चल सरक, पुढचं मी करतो.” आणि त्याने तिच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला.

आणि बाबा? बाबा म्हणाले, “हो, सरक गं. दादाला बसू दे. त्याला सवय आहे.”

सवय! माझ्यातून ठिणग्या उडायच्याच बाकी होत्या. माझ्या पाठीत खुंटी खुपसून मला मारायची सवय? पण मला तोंड नाही. भिंगरीला आहे.

ती सरकली नाही. तिने दादाच्या मुठीतून स्क्रूड्रायव्हर ओढून घेतला आणि आईबाबांकडे वळली. तिचा आवाज चढाच होता.

“आई, बाबा, मी ठरवलंय. बोर्ड हाच राहणार. कॉम्प्युटर मी जोडणार, आणि बंद पडला तर उघडणारही मीच. बंद का पडला हे सापडेपर्यंत कुणाला हात लावू देणार नाही. दादाला बघायचं असेल तर त्याने त्या स्टुलावर बसावं. हात मागे बांधून.”