पाचच्या पाढ्याची जागा

भिंगरीच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर काढायची कुणाची टाप नव्हती. या वेळी शिरलं होतं मुलींचं गुणाकारयंत्र! विज्ञानमेळाव्यासाठी तिने शाळेच्या हॉलमध्ये खडूने नऊ चौकोन आखले, चौकोनात एकेक मुलगी. टाळी वाजली की प्रत्येकीने डावीकडून एक आकडा घ्यायचा, मागून एक, दोघांचा गुणाकार आपल्या बेरजेत टाकायचा आणि आकडे पुढच्या मुलींकडे सरकवायचे. ठोक्यागणिक रक्त पळावं तसे आकडे पळणार होते.

घोडं अडलं मधल्या चौकोनात. तिथे होती मनी, भिंगरीची बालवाडीपासूनची मैत्रीण. "सात अठ्ठे..." म्हणत मनी छताकडे बघायची नि बाकीच्या आठ जणी ताटकळायच्या.

"अगं, छप्पन्न!"

"सांगू नकोस ना, येतंय मला. टाळी जरा सावकाश वाजव."

"अजून सावकाश? पाहुणे घोरायला लागतील!"

सगळ्या फिदीफिदी हसल्या. मनीही हसली, पण तिचे कान लाल झाले.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी भिंगरीने मनीच्या चौकोनात दुसरीला उभं केलं. "तू यंत्राच्या नावाची पाटी धर हं. सगळ्यांत पुढे दिसशील!" मनीने मुकाट पाटी घेतली.

मेळाव्यात यंत्र असं पळालं की बाईसुद्धा बघत राहिल्या. पहिला करंडक!

घरी इंजिनिअरिंगला असलेल्या दादाने करंडक उलटासुलटा करून पाहिला. "भारी गं! पण सगळ्यांना सगळे पाढे कशाला? अशी यंत्रं आखताना आधी ठरवायचं, जागेवर काय राहणार नि फिरणार काय. तू बेरजा जागेवर ठेवल्यास. त्या फिरवायच्या आणि प्रत्येकीला एकच आकडा कायमचा द्यायचा. पाचवालीला पाचचा पाढा आला की बास."

भिंगरीचा घास तोंडातच राहिला. पाचचा पाढा मनी झोपेतही म्हणायची.

सकाळी ती धावतच वर्गात शिरली. मनी मागच्या बाकावर, दुसऱ्याच कुणाशेजारी.

"मने, नवी आखणी! मधला चौकोन तुझा, फक्त पाचचा पाढा. उत्तर तेच येतं!"

"मेळावा झाला ना?"

"हो, पण..."

"असू दे गं." मनीने वही उघडली. "पाटी तरी सरळ धरली होती ना मी?"